दोष मुलाचा की दुखण्याचा?

पाच-सहा वर्षांचे मूल चड्डीत शी करू लागले की घरातला पहिला उद्गार ठरलेला असतो, ‘एवढा घोडा झाला तरी लाज नाही!’ मग चापट. आमच्या वाडीत मी हे अनेकदा पाहिले आहे. पोरापाठोपाठ त्याच्या आईलाही बोलणी बसतात, हेही पाहिले आहे. वास्तविक या तक्रारीच्या मुळाशी बहुधा जुनाट बद्धकोष्ठ असते. आतड्याच्या शेवटी मळाचे खडे साचतात, तो भाग ताणून त्याची जाणीव मंदावते आणि पातळ मळ कडेने झिरपतो. मुलाला ते कळतही नाही. औषध हवेच, पण तोवर घरातली धुसफूस कोणी थांबवायची?

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे समाजकार्यकर्ते मायकेल व्हाइट (१९४८–२००८) यांनी १९८४ साली याच तक्रारीवर लेख लिहिला. त्यांची रीत थोड्याच बैठकींची. आधी दुखण्याला नाव द्यायचे. एका सहा वर्षांच्या मुलाच्या घरी ते ‘स्नीकी पू’, म्हणजे आपल्या भाषेत ‘चोरटी शी’, असे पडले. मग व्हाइट विचारीत, ही चोरटी घरात कोणाचे काय बिघडवते? आईला आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटू लागले होते. वडील लाजेने आप्तमित्रांत मोकळे होत नव्हते. पुढचा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो : तिने डाव टाकला, पण तुम्ही फसला नाही, असे कधी घडले? तसे प्रसंग निघालेच! काही आठवड्यांत तक्रार जवळजवळ थांबली. डेव्हिड एप्स्टन यांच्यासह लिहिलेल्या १९९० च्या पुस्तकात ही हकीकत आहे.

गंमत अशी, की आपली मराठी हे निम्मे काम आधीच करते. ‘मला ताप आला’, ‘मला राग आला’ असे आपण म्हणतो. जणू दाराशी पाहुणा आला. पोराच्या बाबतीत मात्र ‘तो घाणेरडाच आहे’!

वसतिगृहातील एका मित्राने शंका काढली, की दोष शीवर ढकलला तर पोर जबाबदारी झटकेल. मला उलट वाटते. स्वतःशीच भांडायचे कसे, हे लहान मुलाला उमगत नाही. चोर वेगळा दिसला की जेवणानंतर शौचास बसणे ही त्याची पहाऱ्याची पाळी होते. अर्थात, मारहाण करणाऱ्या बापाने ‘हात माझा नव्हे, रागाचा’ म्हणावे, यासाठी ही युक्ती नाही.

माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला हे सारे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘आन् त्या बाईला सासू न्हवती का?’