घराबरोबर वायरिंगही विकत घेतली

जुनी खोली विकत घेताना आपण काय पाहतो? पाणी किती वाजता येते, पत्रा गळतो का, शेजार कसा आहे. विजेचे विचारले की विकणारा बटण दाबतो, दिवा लागतो, पंखा फिरतो आणि आपले समाधान होते. आम्हीही तेवढेच पाहिले. 2021 साली कल्याण पूर्वेला एका चाळीतली तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा आम्ही घेतली. प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम आणि पतपेढीचे कर्ज असा मेळ घातला, उरलेल्या पैशांत रंग काढला आणि राहायला आलो. रंगाऐवजी तारांवर पैसे घालायला हवे होते, हे नंतर कळले.

पहिल्याच पावसाळ्यात आई म्हणाली, "अरे, मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात." आम्ही म्हटले, वय झाले, वाताच्या मुंग्या असतील. दोन-तीन वेळा तिने सांगितले. आम्ही मेडिकलमधून मलम आणून दिले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग एके दिवशी धाकटी शाळेतून भिजून आली, अनवाणी मोरीत गेली, नळाला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. कपडे धुण्याचे मशीन तेव्हा चालू होते. हात सुटला म्हणून पोरगी वाचली. आम्ही मेन स्विच खाली पाडला, तिला दवाखान्यात नेऊन दाखवले आणि ती रात्र मेणबत्तीवर काढली. आई काही बोलली नाही.

सकाळी ओळखीचे एक परवानाधारक वायरमन दादा आले. त्यांनी मशीनचा बोर्ड उघडला. तीन छिद्रांच्या प्लगमधले वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे असते. त्याची हिरवी तार जमिनीत पुरलेल्या पाईपाला किंवा पत्र्याला जोडलेली असावी लागते. आमच्या आधीच्या मालकाने ती मोरीतल्या लोखंडी नळाच्या पाईपाला गुंडाळली होती. पूर्वी पाईप लोखंडीच जमिनीत जात होता, म्हणून निभावले. पुढे चाळीने बाहेरची लाईन प्लास्टिकची टाकली. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. त्यामुळे मशीनमध्ये गळणारा करंट हिरव्या तारेने नळापर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. वाट कुणी द्यायची? ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने.

"मग फ्यूज का उडाला नाही?" आम्ही विचारले. दादा म्हणाले, "फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही." अंगातून 30 मिलिअँपिअर एवढा प्रवाह काही क्षण गेला तरी जीव जाऊ शकतो. 15 वॅटच्या छोट्या दिव्यातून त्याच्या दुप्पट प्रवाह जातो. पाच अँपिअरच्या फ्यूजला एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. आमच्या फ्यूजला तर मोठ्या प्रवाहाचाही लागला नसता. त्यात फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसवले होते. सारखा फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी केलेला हा उपाय. अशाने फ्यूज वितळत नाही, भिंतीतली तार तापते.

एक बोर्ड उघडला म्हणून सगळेच उघडले. दिव्याचे बटण फेजवर बसवायचे सोडून न्यूट्रलवर बसवलेले. म्हणजे बटण बंद केले, दिवा विझला, तरी होल्डरमध्ये करंट तसाच. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद उजळतो म्हणून मुले हसायची, त्याचे कारण हे होते. (दुसऱ्या कारणानेही तसे होते, पण दिसले तर तपासून घ्यावे.) जुनी अॅल्युमिनियमची तार आणि नवी तांब्याची तार एकमेकींना नुसती पिळून, वर कागदी चिकटपट्टी लावून प्लास्टरखाली गाडलेली. असा सांधा ढिला होतो, तापतो आणि आतल्या आत जळत राहतो. सासऱ्यांचा फोटो टांगायला आम्ही जिथे खिळा ठोकला होता, त्याच्या बोटभर अंतरावर एक सांधा निघाला.

आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही वीस वर्षे राहिलो, काही झालं नाही." माणूस वाईट नव्हता. त्यांनाही कुणी तसेच करून दिले असेल. भांडून तारा बदलत नाहीत, म्हणून आम्ही विषय सोडला.

बचत गटातून कर्ज काढले आणि सगळी वायरिंग नवीन केली. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्लगांना अडीचची, सगळी आयएसआय शिक्क्याची. मागच्या गल्लीत खड्डा खणून अडीच मीटरचा पाईप पुरला आणि अर्थिंग तिथून घेतले. फ्यूज काढून एमसीबी लावले. त्यांच्या आधी आरसीसीबी नावाचे यंत्र बसवले. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरता परत आला नाही, तर 30 मिलिअँपिअरच्या आत-बाहेर फरकातच ते एका क्षणात वीज तोडते. माणसाला वाचवते ते हे.

पण ते बसवले आणि घरात वीजच टिकेना. पुढच्या खोलीतला पंखा लावला की खटका पडायचा. आम्हाला वाटले, यंत्रच खराब. दादांनी दुपारभर शोधले, तेव्हा कळले की त्या पंख्याचा फेज आमच्या मीटरचा आणि न्यूट्रल शेजारच्या मावशींच्या खोलीतला! कधीकाळी दोन्ही खोल्या एकच होत्या. मध्ये भिंत घातली, पण छतातली ती तार कुणी बदलली नव्हती. म्हणजे मावशींनी स्वतःचा मेन स्विच पाडून बोर्डात हात घातला असता, तरी आमच्या पंख्याचा करंट त्यांच्या न्यूट्रलमध्ये असू शकला असता.

मावशी आधी बिचकल्या. "आमचं चांगलं चाललंय, तुम्ही कशाला उघडता?" आम्हीही मलम आणून दिलेच होते ना, तेव्हा त्यांना काय बोलणार? आईच त्यांच्याकडे जाऊन बसली. रविवारी त्यांनी दादांना आत घेतले.

वाचकहो, काही गोष्टी आपल्याला पाहता येतात. नळ, फ्रीज, लोखंडी कपाट किंवा ओली भिंत मुंग्या देते का, बोर्ड गरम लागतो का, जळक्या प्लास्टिकचा वास येतो का, गीझर लावला की दिवे मंदावतात का. यातले काहीही असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढेच कळते, अर्थिंग खरे की खोटे ते टेस्टर सांगत नाही. काही जण अर्थिंगच्या छिद्रात न्यूट्रलचीच तार जोडून ठेवतात. तिथे वायरमनचा तपासणीचा दिवाही झकास लागतो, म्हणून हिरवी तार शेवटी कुठे जाते ते डोळ्यांनी बघायला सांगा. मीटर आणि त्याआधीच्या तारेला वायरमनलाही हात लावू देऊ नका. त्यासाठी 1912 वर वीज कंपनीला कळवायचे. कुणी तारेला चिकटले तर त्याला धरू नका. आधी मेन स्विच पाडा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो का ते बघा. आमच्याकडे हे काम धाकटीने घेतले आहे.

मावशींच्या बोर्डातही तोच पिळलेला सांधा निघाला, अर्धा काळा पडलेला. त्यांची वायरिंग आता पुढच्या महिन्यात आहे, बचत गटाची पाळी आली की.