मझदास्पीड: शेवटच्या संधीला जिंकलेली टीम

नारिंगी-हिरव्या रंगाची, ५५ नंबरची एक रेसिंग कार आणि तिचा तो कानात घुसणारा आवाज. हे रील तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेलं असेल. खाली कॅप्शनही ठरलेलं: ‘ही गाडी जिंकली म्हणून तिच्या इंजिनावर बंदी घातली.’ गाडी खरी, आवाज खरा, पण कॅप्शन चुकीचं. खरी गोष्ट त्याहून भारी आहे, आणि आजचा भाग तिच्यावरच आहे.

गाडीचं नाव मझदा ७८७बी आणि टीमचं नाव मझदास्पीड. मझदा कंपनी हिरोशिमाची. पण ही टीम काही कंपनीच्या मुख्यालयात जन्मली नाही. टोकियोमध्ये मझदाच्या गाड्या विकणारी एक डीलरशिप होती, मझदा ऑटो टोकियो. तिथे ताकायोशी ओहाशी यांनी १९६७ मध्ये रेसिंगचा एक छोटा विभाग सुरू केला. म्हणजे विचार करा, शोरूमवाल्यांनी काढलेली टीम! मझदास्पीड हे नाव मिळालं १९८३ मध्ये.

ओहाशींचं लक्ष होतं फ्रान्समधल्या ल मांवर. तिथली शर्यत २४ तासांची असते. एकाच गाडीत ड्रायव्हर आळीपाळीने बसतात आणि २४ तासांत जी गाडी सगळ्यात जास्त अंतर कापेल ती जिंकते. नुसता वेग असून भागत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी शाबूत राहायला लागते.

१९७४ मध्ये ओहाशींची माणसं सिग्मा या जपानी टीमबरोबर पहिल्यांदा तिथे उतरली. १९७९ ला आरएक्स-७ नेली, तर ती मुख्य शर्यतीसाठी पात्रच ठरली नाही. १९८२ ला चौदावा नंबर. १९८३ ला बारावा, पण छोट्या गाड्यांच्या गटात पहिला. १९८७ ला सातवा. १९८९ ला पुन्हा सातवा. आणि १९९० ला, नवी कोरी ७८७ घेऊन गेले, तर दोन्ही गाड्या अर्ध्यावरच बाद.

आता इंजिनाकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. तुमच्या-माझ्या बाइकमध्ये पिस्टन वर-खाली होतो. मझदाच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. कडा फुगवलेल्या त्रिकोणासारखा एक रोटर असतो आणि तो मधे किंचित दबलेल्या लंबगोल घरात फिरतो. हलणारे भाग कमी, इंजिन छोटं आणि हलकं. मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. मझदाने त्याचा परवाना घेतला आणि बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला तरी ही मंडळी चिकटून राहिली.

पण त्रास दोन. एक, त्रिकोणाच्या टोकांवरच्या सील आतल्या भिंतीला सतत घासतात, त्यामुळे झिजतात. दोन, इंजिन पेट्रोल फार पितं. जळण्याची जागा लांबट आणि चपटी असल्याने ज्वाला टोकापर्यंत नीट पोचत नाही.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ गंमत म्हणजे ल मांमध्येही तेव्हा हाच प्रश्न होता! या गटातल्या गाड्यांना पूर्ण शर्यतीसाठी २,५५० लिटर इंधन मिळायचं, वर एक थेंब नाही. सुसाट पळवली आणि टाकी आधीच संपली, तर घरी जा.

म्हणून १९९१ साठीच्या आर२६बी इंजिनात चार रोटर होते आणि प्रत्येक रोटरला तीन-तीन स्पार्क प्लग, म्हणजे मिश्रण तीन ठिकाणी पेटवायचं. सील सिरॅमिकच्या. हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी इंजिनाच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त व्हायची, बासरीच्या नळीची लांबी बदलावी तशी. ताकद साधारण ७०० हॉर्सपॉवर.

आणि आता तो बंदीचा मुद्दा. १९८० च्या दशकाच्या शेवटीच नियामक संस्थेने ठरवलं होतं की या स्पर्धेत पुढे ३.५ लिटरची पिस्टन इंजिनं चालतील, फॉर्म्युला वनसारखी. रोटरीला त्यात जागाच नव्हती. पण नव्या नियमांच्या गाड्या पुरेशा तयार झाल्या नाहीत, म्हणून १९९१ ला जुन्या गाड्यांना आणखी एक वर्ष मिळालं. थोडक्यात, दार बंद होणार हे मझदाला जिंकायच्या आधीच माहीत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेडलाइन एकदा पुढे ढकलली गेली होती आणि परत ढकलली जाणार नव्हती.

ओहाशींनी आणखी एक काम केलं. नियमाप्रमाणे जुन्या गाड्यांचं किमान वजन १,००० किलो होतं. त्यांनी नियामकांशी बोलून मझदासाठी ८३० किलो मंजूर करून घेतलं. मझदाला तेव्हा कोणी जिंकणाऱ्यांत धरतच नव्हतं. पण १७० किलो कमी म्हणजे ब्रेक, टायर, इंधन, सगळ्यावरचा भार कमी. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कोड लिहिण्याआधी रिक्वायरमेंट्स नीट वाचतो ना, तसंच हे. मला तरी हा निम्मा विजय वाटतो.

२२ जून १९९१. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्त्राँ गाशो यांची ५५ नंबरची गाडी एकोणिसाव्या जागेवरून सुटली. पहिल्या दहा जागा नव्या नियमांच्या गाड्यांना राखीव होत्या. पुढे मर्सिडीजच्या गाड्या, जग्वारच्या गाड्या. जग्वारना इंधनाचा हिशोब सांभाळत पळावं लागत होतं. मझदा मात्र ठरलेल्या वेगात, एकसारखी पळत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसऱ्या नंबरवर आली. शेवटचे तीनेक तास उरले असताना आघाडीवरची मर्सिडीज तापली आणि बाद झाली. मझदा पुढे!

शेवटी हर्बर्ट लागोपाठ गाडी चालवत राहिला. ३६२ फेऱ्या, ४,९०० किलोमीटरहून जास्त अंतर. दुसरा, तिसरा, चौथा नंबर जग्वारचा. मझदाच्या बाकी दोन गाड्या सहाव्या आणि आठव्या. आठव्या गाडीत होते योजिरो तेरादा, जे १९७४ च्या त्या पहिल्या वारीतही ड्रायव्हर होते. गाडी थांबल्यावर हर्बर्ट पाणी कमी पडून कोसळला आणि बक्षीस समारंभाला उभाच राहू शकला नाही.

ल मां जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. दुसरी, टोयोटा, जिंकली थेट २०१८ ला.

पुढच्या वर्षी रोटरी गेली. मझदास्पीड साध्या पिस्टन इंजिनाची गाडी घेऊन गेली आणि चौथी आली. त्यानंतर मझदाने ल मांचा कार्यक्रम थांबवला आणि १९९९ मध्ये मझदास्पीड मूळ कंपनीत विलीन झाली.

म्हणून ते कॅप्शन मला खटकतं. ‘जिंकले म्हणून बंदी’ म्हटलं की ओहाशींची टीम बिचारी ठरते. खरं तर त्यांना शेवटची तारीख माहीत होती, गाडी मागच्याच वर्षी बंद पडली होती आणि तरी त्यांनी एका वर्षात ती २४ तास टिकेल अशी करून दाखवली.

आणि हो, २०११ ला विजयाच्या विसाव्या वर्षी हर्बर्टने तीच गाडी ल मांवर पुन्हा फिरवली आणि राहून गेलेल्या त्या पोडियमवर एकदाचा उभा राहिला. तो व्हिडिओ शोधा. हेडफोन लावून ऐका, पण आवाज आधी कमी करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!