पिकअपचे ऑइल किती किलोमीटरला बदलावे?

पिकअपच्या डिझेल इंजिनातल्या ऑइलला नुसते वंगण म्हटले, तर त्याची निम्मीच ओळख होते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ते पातळ थर धरते, हे खरेच. पण पिस्टनची उष्णता खालच्या ऑइल चेंबरपर्यंत वाहून आणणे, ज्वलनातून निसटलेली काजळी गुठळ्या न होऊ देता तरंगत ठेवणे आणि धुरातून तयार होणारी आम्ले मारणे, ही कामेही त्याचीच. यातली बरीच कामे मूळ तेल करत नाही. त्यात मिसळलेली रसायने, म्हणजे ॲडिटिव्ह, ती करतात. ही रसायने रोज थोडी थोडी खर्ची पडतात आणि दुसरीकडे काजळी, ओल, न जळलेले डिझेल व धूळ यांचा साठा वाढत जातो. ऑइल बदलायची वेळ या खर्चावर आणि या साठ्यावर ठरते. ओडोमीटरला यातले काहीच दिसत नाही.

‘डिझेल गाडीला पाच हजाराला ऑइल’ हा गॅरेजमधला सर्वात पक्का समज. तो खोटा नव्हता, जुना झाला आहे. डिझेलमधला सल्फर जळला की त्यातून शेवटी सल्फ्युरिक आम्ल बनते आणि ते मारण्यात ऑइलमधली अल्कली संपते. २००० साली भारतात डिझेलमध्ये २,५०० पीपीएमपर्यंत सल्फर चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये ही मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे अडीचशेपटींनी कमी. दरम्यान ऑइलही बदलले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, डिझेल ऑइलसाठीच्या श्रेणी १९९० च्या सीएफ-४ पासून २००२ च्या सीआय-४ पर्यंत आणि तिथून २०१६ च्या सीके-४ पर्यंत आल्या. प्रत्येक टप्प्यावर काजळी सांभाळण्याच्या आणि झीज रोखण्याच्या कसोट्या वाढत गेल्या. इंधन बदलले, तेल बदलले, पाच हजाराचा आकडा मात्र तोंडी परंपरेने टिकला. अमेरिकेतही ३,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरचा, असाच एक आकडा कित्येक दशके ठाण मांडून होता.

दुसऱ्या टोकाचा समज नव्या गाड्यांबरोबर आला: मॅन्युअलमध्ये वीस हजार लिहिले आहे, तर वीस हजारापर्यंत बोनेट उघडायचे कारण नाही. नव्या डिझेल पिकअपच्या मॅन्युअलमध्ये दहा ते वीस हजार किलोमीटरचे आकडे आढळतात, पण ते साधारण वापरासाठी असतात. त्याच वेळापत्रकाच्या आसपास, बहुधा बारीक अक्षरांत, कठीण वापराची अटही असते: धुळीचे रस्ते, सतत पूर्ण भार, घाट, वारंवार थांबत-निघत चालवणे, इंजिन चालू ठेवून ताटकळणे, इंजिन नीट तापण्याआधीच संपणाऱ्या छोट्या फेऱ्या. अशा वापराला ऑइल लवकर, पुष्कळदा निम्म्या अंतरावर, बदलायला सांगितलेले असते. यादी वाचली की लक्षात येते, महाराष्ट्रातल्या मालवाहू पिकअपचे ते रोजचे वर्णन आहे. ‘साधारण वापर’ या पिकअपच्या वाट्याला क्वचितच येतो.

किलोमीटर हे माप वापरले जाते ते सोयीचे म्हणून. ते किती फसवू शकते, हे दोन गाड्यांच्या हिशेबातून कळते. एक पिकअप रात्री नाशिकहून भाजी भरून महामार्गाने वाशीच्या बाजारात जाते. तिचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चालते. दुसरी पुण्याच्या पेठांतून किराणा पोहोचवते. सिग्नल, गल्ल्या, माल उतरेपर्यंत चालू ठेवलेले इंजिन. तिची सरासरी ताशी २० असेल, तर तेवढ्याच अंतराला ५०० तास होतात. ओडोमीटरच्या दृष्टीने दोन्ही ऑइले सारख्याच वयाची. प्रत्यक्षात दुसरे अडीचपट जास्त तास इंजिनात फिरलेले.

तासांचे मीटर पिकअपला सहसा नसते. पण त्याहून चांगले माप बहुतेक मालकांच्या वहीत आधीच लिहिलेले असते, ते म्हणजे डिझेलचा खर्च. काजळी आणि आम्ले जळलेल्या डिझेलातूनच येतात. भार वाढला, घाट आला, इंजिन उभ्या जागी चालू राहिले, की डिझेल जास्त जळते. म्हणून कठीण वापराचा बराचसा भाग लिटरच्या आकड्यात आपोआप उतरतो. वरच्या उदाहरणात पहिली गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असेल, तर १०,००० किलोमीटरला सुमारे ७१५ लिटर जळतात. दुसरी लिटरला ९ देत असेल, तर तेवढेच डिझेल तिने साधारण ६,४०० किलोमीटरलाच जाळलेले असते. पहिलीला दहा हजार योग्य असतील, तर दुसरीने साडेसहा हजाराच्या आतच ऑइल बदललेले बरे. मॅन्युअलमधला आकडा या हिशेबातही वरची मर्यादा म्हणून कायम राहतो. लिटरचा हिशेब त्याच्या आत कुठे थांबायचे एवढेच सांगतो. धूळ मात्र या हिशेबात येत नाही. ती एअर फिल्टरच्या फटीतून येते आणि बेअरिंगवर पॉलिश पेपरसारखी चालते. खडीच्या खाणीवर किंवा उन्हाळ्यात शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला एअर फिल्टर वेळेत झाडणे-बदलणे हा ऑइल वाचवण्याचाच भाग ठरतो.

काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल, हा समज डिझेल इंजिनाच्या बाबतीत जवळजवळ उलटा आहे. नवे ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, कारण ते काजळी धरून ठेवते. ती जागोजागी चिकटू न देता फिल्टरपर्यंत आणि पुढे ड्रेन बोल्टमधून बाहेर नेणे हेच त्याचे काम. खूप दिवस सोनेरी राहणारे ऑइल डिझेल इंजिनात असेल, तर शंका घ्यावी अशी स्थिती असते. ऑइल बोटांवर चोळून पातळ-जाड ओळखण्याची मिस्त्रींची पद्धतही फार पुढे नेत नाही. गरम ऑइल पातळच लागते, आणि शिल्लक अल्कली किंवा बारीक लोखंड बोटाला कळत नाही. ते प्रयोगशाळेतल्या तपासणीत कळते. तिथे लोखंडाचे प्रमाण झीज दाखवते, सिलिकॉन धूळ दाखवतो आणि सोडियम-पोटॅशियम अनेकदा कूलंटची गळती उघड करतात. एका गाडीसाठी हा खर्च बहुधा परवडत नाही. वीस-पंचवीस गाड्यांच्या मालकाला परवडतो. डोळ्यांना आणि नाकाला कळण्यासारख्या गोष्टी मात्र दोन आहेत. ऑइल दुधी चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे. डिझेलचा उग्र वास आला तर इंधन मिसळते आहे. दोन्ही वेळी किलोमीटर मोजत बसू नये.

इंधन मिसळण्याचा प्रश्न भारत स्टेज-६ च्या पिकअपमध्ये वेगळ्या वाटेने येतो, आणि त्यातून एक धोकादायक गैरसमज निघाला आहे: डिपस्टिकवर पातळी भरपूर आहे, म्हणजे ऑइल ठीक आहे. बहुतेक अशा गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की इंजिन ज्वलनानंतरही थोडे डिझेल सोडते, त्याने धूर तापतो आणि अडकलेली काजळी जळून जाते. या जादा डिझेलाचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. गाडी सलग महामार्गावर धावली तर सफाई पूर्ण होते आणि तापलेल्या ऑइलमधले काही इंधन उडूनही जाते. गल्लीबोळातल्या फेऱ्यांमध्ये सफाई अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी ऑइल थोडे पातळ होते. अशा गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून मालक खूश असतो. प्रत्यक्षात डिपस्टिकवरची वाढ डिझेलाची असते आणि बेअरिंगवरचा थर विरळ होत असतो. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली, तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करते आणि ते ब्रीदरमधून इंजिनाच्या हवेत ओढले जाऊ शकते. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी तपासावी. ती विनाकारण वाढलेली दिसली, तर ऑइल बदलण्याची वेळ झालेली असते.

जाड ऑइल जास्त टिकते, हाही लाडका समज. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० या ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा: ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, आणि १५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते. हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांखाली उतरणाऱ्या निफाडलाही त्या तापमानाची कल्पना करता येणार नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. यातला कुठलाही आकडा ऑइल किती किलोमीटर चालेल, हे सांगत नाही. त्याचा थोडा अंदाज श्रेणीतून येतो. डीपीएफ असलेल्या गाडीत तर चुकीची श्रेणी थेट नुकसान करते. काजळी जळून जाते, पण ॲडिटिव्हची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा एक टक्का आहे. बादलीतून मापाने मिळणाऱ्या खुल्या ऑइलवर ना श्रेणी असते, ना ग्रेडची खात्री.

सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसते आणि हळू खराब होते, हे खरे. पण त्यात शिरणारी काजळी आणि डिझेल इंजिनातून येते. महाग डब्याने ती कमी होत नाही. सिंथेटिक घातले म्हणून अंतर दुप्पट करता येत नाही, मॅन्युअलने तशी मुभा दिली असेल तरच वाढवता येते.

वरचेवर टॉप-अप केले की ऑइल नवेच राहते, असे मानून काही गाड्या वर्षानुवर्षे चालवल्या जातात. नव्या लिटरभर ऑइलने ॲडिटिव्हची थोडी भर पडते; जुनी काजळी आणि धातूचा चुरा मात्र चेंबरमध्येच राहतो. ऑइल फिल्टर एक आड एक वेळी बदलण्याची काटकसरही तशीच. फिल्टर तुंबला की त्यातली बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जाते. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पाव ते अर्धा लिटर काळे ऑइल अडकलेले असते, तेही नव्यात मिसळते.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइल बदलण्याची आठवण करून देतो, असे समजणारे चालकही आहेत. तो दिवा दाबाचा आहे. दाब अगदी खाली गेला की तो लागतो, आणि त्या क्षणी इंजिन बंद करणे एवढेच करण्यासारखे असते.

कमी चालणाऱ्या गाडीचे प्रकरण वेगळे. हंगामापुरती आंबा किंवा द्राक्षे वाहून बाकीचे महिने अंगणात उभी राहणारी पिकअप वर्षाला चार हजार किलोमीटरही करत नाही. तिच्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ल तसेच पडून राहते. अधूनमधून ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून पाच मिनिटे इंजिन चालू केले, तर ओल वाढतेच, कारण ती उडून जाण्याइतके ऑइल तापत नाही. म्हणूनच मॅन्युअलमध्ये किलोमीटरबरोबर महिने दिलेले असतात, आणि जे आधी येईल ते धरायचे असते. हंगाम संपल्यावर, गाडी उभी करण्याआधी ऑइल बदलणे हंगामाच्या तोंडावर बदलण्यापेक्षा इंजिनाला जास्त मानवते.

जुने ऑइल गरम असतानाच काढावे, म्हणजे तळाचा गाळही बरोबर येतो. ते ‘जळालेले’ म्हणून सेंटरिंगच्या फळ्यांना फासले जाते किंवा नाल्यात ओतले जाते. मुळात ते जळालेले नसते, मळलेले असते, आणि शुद्ध करून त्यापासून पुन्हा मूळ तेल बनवता येते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजचे ऑइल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाते, तिथे द्यावे.