सात पावलांचा रोल

पहाटे ४.४५

वाद्यांच्या खोलीचं कुलूप थंडीनं आखडलेलं असतं. शिपाईमामा बॅटरी धरतात आणि मी किल्ली फिरवतो. आज २६ जानेवारी. पारनेर तालुक्यात या दिवसांत पहाटेचा गारवा थेट हाडाला भिडतो.

आठ साईड ड्रम, दोन बेस ड्रम, एक टेनर, चार बिगूल, दहा बासऱ्या, झांजांची एक जोडी आणि एक ट्रँगल. एवढा आमच्या शाळेचा बँड. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. खेड्यातल्या शाळेत संगीताचा वेगळा शिक्षक क्वचितच असतो, म्हणून बँड आमच्याकडे येतो. ड्रमचे हात मी याच शाळेत विद्यार्थी असताना शिकलो, तेवढीच माझी पुंजी.

एकेक ड्रम मांडीवर घेऊन चावीनं नट आवळत बसतो. पानाच्या कडेला, प्रत्येक नटाशेजारी काडी हलकेच टेकवायची आणि कान लावायचा. सगळीकडून सारखाच आवाज आला पाहिजे. एका बाजूला ‘टक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘टुक’ असं झालं, तर कितीही चांगला वाजवणारा असला तरी त्याचा रोल फाटतो. आठ ड्रमना पाऊण तास लागतो. हे काम मी मुलांवर सोडत नाही. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आहे त्यांचा, वाद्यानं दगा द्यायला नको.

सकाळी ६.००

मुलं यायला लागतात. निम्मी वस्तीवरची. उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे, काहींच्या घरी रात्रीच्या विजेची पाळी होती. एक पोरगा सांगतो, “सर, तीन वाजेपर्यंत दारं धरली, मग झोपलोच नाही.” तरी त्याच्या पांढऱ्या पॅंटची घडी सुरीसारखी आहे. लाल झालर, टोपीचा तुरा, पांढरे मोजे, सगळं जागच्या जागी. ही तयारी आईनं कंदिलाच्या उजेडात केली की त्यानं स्वतः, मी विचारत नाही.

नववीतली बिगूलवाली मुलगी एक हात स्वेटरच्या खिशात घालून उभी आहे. खिशात माउथपीस आहे. पितळ गार असलं की सूर उतरतो, म्हणून ती घरापासून तो मुठीत उबवत आली. बिगुलाला बटणं नसतात, भोकं नसतात. एरवी वाजतात ते पाच सूर, आणि तेही केवळ ओठांच्या ताणावर आणि श्वासाच्या जोरावर. जूनमध्ये तिच्याकडून नुसती फुसफुस निघायची. गणपतीपर्यंत तीन सूर आले. वरचा सूर दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी अचानक लागला, तेव्हा ती स्वतःच दचकली होती.

सकाळी ६.४५

प्रभातफेरी. “बँड, सावधान! आगे बढ, तेज चल!” डावा पाय बेस ड्रमच्या ठोक्यावर. मागे चारशे मुलं, घोषणा आणि झेंडे. गल्लीत बायका सडा-रांगोळी थांबवून दारात येतात. मारुतीच्या पारावर म्हातारी मंडळी उठून उभी राहतात, आणि तेवढ्यानं पोरांच्या छात्या पुढे येतात.

वेशीजवळ एका साईड ड्रमच्या पट्ट्याची कडी तुटली. ड्रम खाली आलाच होता, पण आठवीतल्या त्या मुलानं तो गुडघ्यावर झेलला, डाव्या हातानं कवटाळला आणि उजव्या हातानं ठोका चालू ठेवला. एक ठोकाही चुकला नाही. पन्नास पावलांनंतर मला कळलं. मी कमरेचा पट्टा काढून त्याच्या खांद्यावरून ओवला आणि फेरी पुढे गेली.

सकाळी ७.३०

शाळेचं ध्वजवंदन. आजच्या दिवसातलं माझ्या दृष्टीनं खरं काम इथे आहे, आणि ते मिनिटभराचं आहे.

बँडवर राष्ट्रगीत वाजवायचं असेल, तर त्याआधी ड्रमचा रोल द्यायचा असतो. गृह मंत्रालयाच्या आदेशातच तसं सांगितलं आहे, आता राष्ट्रगीत होणार हे लोकांना कळावं म्हणून. संथ चालीच्या सात पावलांइतका हा रोल. हळू सुरू करायचा, चढवत चढवत शक्य तितका मोठा करायचा, पुन्हा उतरवत मूळच्या मऊपणावर आणायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. मग एका ठोक्याची विश्रांती. आणि मग राष्ट्रगीत, साधारण ५२ सेकंदांत पूर्ण.

लिहायला सोपं आहे. तेरा वर्षांची आठ मुलं, सोळा काड्या, थंडीनं बधिर बोटं. चढ सगळ्यांना येतो, कारण जोर लावायला आवडतो. अवघड आहे तो उतार. आवाज कमी करताना हात मंदावतात, काड्या वेगवेगळ्या पडायला लागतात आणि रोलचा चुरा होतो. हा उतार आम्ही नोव्हेंबरपासून घोटतोय. आधी ड्रमवर नाही, वहीच्या पुठ्ठ्यावर. मग डोळे मिटून.

मुख्याध्यापकांनी दोरी ओढली. झेंडूच्या पाकळ्या सांडल्या, तिरंगा उलगडला. काड्या उठल्या. मी मनात पावलं मोजत होतो. चौथ्या पावलावर आवाज भिंतीवर आदळला, पाचव्यावर वळला. सहा. सात. मग ती एका ठोक्याची शांतता. चारशे मुलांच्या मैदानावर त्या क्षणी फक्त झेंड्याच्या कापडाचा आवाज होता. आणि बासऱ्या उचलल्या गेल्या.

राष्ट्रगीतानंतर राज्यगीत. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला १९ फेब्रुवारी २०२३ पासून तो मान मिळाला, राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल. चाल बासरीवर बसवायला आम्हाला दोन महिने लागले. शाहीर साबळे यांच्या आवाजातला आवेश दहा बासऱ्यांतून काढायचा कसा, हा प्रश्न होता. शेवटी बासऱ्यांना सरळ चाल दिली आणि आवेश टेनर ड्रमकडे सोपवला.

सकाळी ८.००

ग्रामपंचायत, मग सोसायटी. दोन्हीकडे तोच रोल, तेच राष्ट्रगीत. धावपळ होते, कारण ९.१५ ला जिल्ह्याचं मुख्य शासकीय ध्वजारोहण असतं आणि ८.३० ते १० या वेळात दुसरे ध्वजारोहणाचे कार्यक्रम ठेवू नयेत अशी शासनाची सूचना असते. सोसायटीसमोरची शेवटची झांज वाजली तेव्हा घड्याळात ८.२५ झाले होते.

पलीकडच्या एका गावात आता राष्ट्रगीत पेनड्राइव्हवर लागतं. मला ते मनापासून खटकतं. शाळेत जिवंत बँड असताना भोंग्यातलं राष्ट्रगीत का ऐकायचं? वर्षात दोन-तीनदाच या मुलांना गावासमोर उभं राहायला मिळतं.

सकाळी ८.३०

जिलेबी. एकेकाला दोन, बँडवाल्यांना चार. ही जुनी रीत आहे, ती कोणी मोडत नाही.

सकाळी १०.००

लेझीम, कवायत, भाषणं, बक्षिसं. दोन तास गेले.

दुपारी १२.३०

पुसापुशी. बिगुलातलं पाणी उलटं धरून काढायचं, पितळ सुती फडक्यानं कोरडं करायचं, ड्रम पालथे न घालता उभे ठेवायचे. एका मुलाच्या मोबाईलवर कर्तव्यपथावरचं सकाळचं संचलन चाललंय. सगळे त्याच्याभोवती. लष्कराचा बँड आला की कोणी बोलत नाही. मग प्रश्न येतो, दरवर्षी येतो, “सर, आपण कधी जाणार दिल्लीला?”

शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा भरवतात. राज्य, विभाग आणि मग राष्ट्रीय पातळी. जानेवारी २०२५ ची अंतिम फेरी दिल्लीला मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. गट चार: मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप. चार विभागांतून प्रत्येक गटाला एक याप्रमाणे सोळा संघ. स्पर्धा चांगली आहे, ती सुरू झाली याचा मला आनंद आहे. पण ट्रम्पेट, युफोनियम, क्लॅरिनेट आणि बॅगपाइपचा खर्च आमच्यासारख्या शाळेच्या आवाक्यातला नाही. ड्रम, बिगूल आणि बासरी एवढ्यावर चालणाऱ्या बँडला तिथे गट नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत आहेत ते हेच बँड. त्यांच्यासाठी पाचवा गट हवा. निदान राज्य पातळीवर तरी हवा.

मुलांना मी एवढंच म्हणालो, “उताराची तयारी ठेवा, रस्ता निघेल.”

तोवर आमचं वर्ष आहे तसं. जूनमध्ये काड्या हातात, आषाढीच्या दिंडीत ड्रम बाजूला आणि टाळ हातात, १५ ऑगस्ट, बालदिन, तालुक्याच्या क्रीडास्पर्धांचं संचलन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, आज २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. मग परीक्षा आणि कुलूप. दहावीतली तिघं या वर्षी जातील. त्यातला एक बेस ड्रमवाला आहे, आणि त्याच्यासारखा पक्का ठोका सातवीत अजून मला दिसलेला नाही.

दुपारी ४.००

खोली बंद करत होतो, तेवढ्यात गावातले निवृत्त हवालदारकाका आले. पलटणीच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. सकाळी ग्रामपंचायतीपुढे मागे उभे होते.

“सर, रोल सुरेख झाला. पण उताराला पोरं श्वास धरतात. म्हणून खांदे वर जातात आणि हात अडकतो. त्यांना श्वास सोडत उतरायला सांगा.”

तीन महिने मी मनगटाकडे बघत होतो. दोष खांद्यात होता.

रेंगाळलेल्या चार मुलांना त्यांनी पायरीवर बसवलं, काड्या दिल्या आणि खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, “आता सोड. सोड. सोड.” अर्ध्या तासात त्या चौघांचा उतार सकाळपेक्षा मऊ झाला. बिगूलवाली मुलगी दप्तर घेऊन निघाली होती, ती थांबली. तिला त्यांनी ओठांचे कोपरे घट्ट आणि मधला भाग सैल ठेवायला शिकवलं. वरचा सूर न चिरकता तीनदा लागला.

संध्याकाळी ६.३०

घरी येऊन हे लिहितोय. आपला जिल्हा लष्कराशी जोडलेला आहे. आर्मर्ड कोअर सेंटर १९४८ पासून अहिल्यानगरला आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली, तिचं केंद्रही इथेच. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कुठल्याही तालुक्यात फौजेतून परतलेली माणसं आहेत, आणि त्यांच्यात बँडवालेही आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते आम्हा क्रीडाशिक्षकांना कोणी शिकवलेलं नाही.

त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या गावच्या शाळेत आठवड्यातून एक तास या. मानधन देण्याची आमची ऐपत नाही, पण चहा मिळेल आणि मुलं तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत. आमच्या शाळेत शिवजयंतीपर्यंत रोज सराव आहे, सकाळी पावणेसातला, मागच्या मैदानावर.