सोफ्यावरचं अमूर्त चित्र

मागच्या वेळी आपण सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा संबंध पाहिला. आज तोच प्रश्न घरात आणू.

नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात हल्ली पुष्कळदा सोफ्याच्या वर एक अमूर्त चित्र असतं. मूळ नव्हे, फ्रेम केलेली छापील प्रत. पाहुणे विचारतात, "हे कशाचं आहे?" यजमान संकोचून म्हणतात, "काही नाही हो, शोभेचं आहे." या 'काही नाही'चा आपल्याला विचार करायचा आहे.

कान्टने १७९० साली सौंदर्याचे दोन प्रकार मांडले. इमारत सुंदर म्हणताना ती कशी असायला हवी याची कल्पना आपल्या मनात असते. ते परायत्त सौंदर्य. जिथे अशी कल्पना लागतच नाही, ते स्वायत्त सौंदर्य. आता गंमत बघा. स्वायत्त सौंदर्याची उदाहरणं कान्ट कोणती देतो? फुलं, शब्दांवाचूनचं संगीत आणि चक्क भिंतीच्या कागदावरची वेलबुट्टी! म्हणजे 'कशाचंही नसणं' ही उणीव नव्हे. सतारीवरचा आलाप ऐकताना "हा कशाचा?" असं आपण विचारत नाही. मग चित्रालाच का विचारावं?

अडचण वेगळीच आहे. सोफ्याच्या रंगाला मॅच होतं एवढ्यासाठी चित्र घेतलं, की ते सोफ्याच्या अधीन झालं. फ्रेमचंही तसंच. सोनेरी चौकट केवळ चित्राची शिफारस करायला लावली, तर ती सौंदर्याला बाधकच, असंही कान्टने म्हटलं आहे.

आणि प्रत म्हणजे नक्कल, तिचं काय? वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवत, काढत. त्या थरांमुळे उजेड आतून आल्यासारखा भासतो. प्रतीत थर नाहीत, शाईचा सपाट पृष्ठभाग आहे. बहुधा आकारही लहान. पण रचना उरते, रंगांचे संबंध बऱ्याच अंशी उरतात. याउलट चित्रकार स्वतः लिथोग्राफ किंवा वुडकट करतो, तेव्हा छापणं हीच निर्मिती असते. तिथे 'खरं' चित्र मागे दुसरीकडे कुठे नसतं. तेव्हा प्रत घेण्यात कमीपणा नाही. तिच्यात काय आलं आणि काय राहिलं, एवढं आपल्याला ठाऊक हवं.

मग निवडायचं कसं? आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: उद्या सोफा बदलला, तरी हे चित्र आपण ठेवू का? उत्तर 'हो' असेल, तर पाहुण्यांना अर्थ सांगत बसायची गरज नाही. "बसा, जरा बघा," एवढं म्हणावं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.