मजकूर-वर्गीकरण, संगणकीय
लिखित नोंदीतील शब्द तपासून ती नोंद आधी ठरविलेल्या वर्गांपैकी योग्य त्या वर्गात घालण्याची रीत. आज्ञावली-लेखन नव्याने शिकणाऱ्यांच्या प्रकल्पांत ती पुष्कळदा आढळते. कारण तीस लागणारी शब्दसूची, पुनरावर्ती आज्ञा व अटींची तपासणी ही साधने प्राथमिक अभ्यासक्रमातच येतात.

वैद्यकीय नोंदींत या रीतीची गरज विशेष भासते. झाक बर्तीयाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण विकसित झाले. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली, तर अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. दहाव्या आवृत्तीत सर्पविषास ‘टी ६३.०’, विंचवाच्या विषास ‘टी ६३.२’ व अनिर्दिष्ट हिवतापास ‘बी ५४’ असे संकेतांक आहेत. वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्था. १९९०) संलग्न असे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा ग्रामीण रुग्णालयांत तक्रार बोलीभाषेत सांगितली जाते. सांख्यिकीस मात्र संकेतांक लागतो.

कार्यपद्धती : प्रत्येक वर्गापुढे सूचक शब्द लिहून आज्ञावली ते नोंदीत शोधते, एकही न आढळल्यास नोंद ‘अवर्गीकृत’ ठरते. मराठीत ही साधी पद्धती लवकरच अडखळते. ‘साप’ हा पूर्ण शब्द शोधल्यास ‘सापाने दंश केला’ ही नोंद सुटते. तीच अक्षरे कोठेही शोधल्यास ‘मळणी यंत्रात हात सापडला’ ही नोंद सर्पदंशात जमा होते. ‘विंचू’चे सामान्यरूप ‘विंचवा’ असे होते. दोन्ही रूपे साधण्यासाठी ‘विंच’ एवढाच अंश घेतल्यास ‘केस विंचरताना’ हेही शब्द त्यात येतात. म्हणून सूचीत मूळ शब्द व त्याचे सामान्यरूप (साप, सापा–, विंचू, विंचवा–, कुत्रा, कुत्र्या–) ही दोन्ही द्यावी लागतात. ‘हिवताप’ या शब्दात ‘ताप’ असल्याने विशिष्ट वर्ग सामान्य वर्गाच्या आधी तपासावा लागतो. ‘ताप नाही’ यासारखा नकार वेगळा ओळखावा लागतो. युनिकोड संकेतप्रणालीत ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांस सारखे दिसणारे हे शब्द संगणकास भिन्न वाटतात. यास्तव तुलनेपूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणतात.

शब्दसूचीऐवजी संभाव्यतेचाही आधार घेता येतो. माणसांनी वर्गीकृत केलेल्या नोंदींवरून कोणता शब्द कोणत्या वर्गात किती वेळा येतो हे मोजून नव्या नोंदीचा वर्ग ठरविण्याचा प्रयोग एम. ई. मॅरन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

पडताळणी : तज्ञांनी स्वतंत्रपणे वर्गीकृत केलेल्या नोंदींशी निष्कर्ष ताडून पाहतात. केवळ एकूण अचूकता पुरेशी नसते. शंभर नोंदींत सर्पदंशाच्या दोनच असल्या व आज्ञावलीने त्या दोन्ही गाळल्या, तरी बाकीच्या बरोबर असल्यास अचूकता ९८ टक्के दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश-विषबाधेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला, तर २०२४ मधील भारताच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात त्यामुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. गाळलेली नोंद अशा मोजणीत येत नाही व प्रतिविषाच्या मागणीचा अंदाजही तितका कमी पडतो. म्हणून प्रत्येक वर्गातील सुटलेल्या व चुकून आलेल्या नोंदी वेगळ्या मोजतात आणि संदिग्ध नोंदींचा निर्णय जाणकार व्यक्तीकडे ठेवतात.