वीज आली की खेळ सुरू

व्हिडिओ गेम पार्लरमधील जुन्या यंत्राला सुरू होण्यासाठी भिंतीवरचा स्विच दाबण्यापलीकडे काहीही लागत नसे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) किंवा ‘पॅक-मॅन’ (१९८०) यांसारख्या खेळांचा सगळा प्रोग्राम रॉम या प्रकारच्या, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या आणि वीज गेली तरी मजकूर न गमावणाऱ्या चिपांमध्ये साठवलेला असे. वीज मिळताच प्रोसेसर तेथील पहिल्या सूचनेपासून कामाला लागे, मेमरीची जुजबी तपासणी करी आणि काही सेकंदांत पडद्यावर खेळाची झलक फिरू लागे. रात्री मालकाने मेन स्विच बंद केला तरी यंत्राचे काही बिघडत नसे, कारण त्याच्या आत डिस्कवर लिहिण्याचे काम मुळात चालूच नसे.

निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे एका यंत्राच्या चिपांचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब वठवणारा प्रोग्राम, प्रसिद्ध केला आणि लाकडी पेटीत जुना पीसी, मॉनिटर व जॉयस्टिक बसवून घरीच आर्केड यंत्र उभारण्याचा छंद त्यानंतर बराच फोफावला. कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, जो महाराष्ट्रातील पार्लरांत त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला, तोही अशा पेटीत चालवता येतो. अडचण येते ती सुरुवातीलाच: पीसी पेटीच्या पोटात बंदिस्त असतो, त्याचे बटण हाताला लागत नाही आणि भिंतीवरचा स्विच दाबूनही पडदा काळाच राहतो.

याचे कारण पीसीच्या पॉवर सप्लायच्या रचनेत आहे. जुन्या ‘एटी’ पद्धतीच्या पीसीत पुढचे बटण थेट घरगुती विजेची वाट जोडत किंवा तोडत असे, म्हणून ते एकदा दाबून ठेवले की उरलेले काम भिंतीवरच्या स्विचवर भागे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या ‘एटीएक्स’ मानकाने हा अधिकार बटणाकडून काढून मदरबोर्डकडे दिला. या पद्धतीत प्लगला वीज असेपर्यंत पॉवर सप्लायच्या जांभळ्या तारेतून पाच व्होल्टचा एक लहानसा प्रवाह मदरबोर्डला सतत मिळत राहतो. बटण केवळ क्षणभराचा संकेत देते, आणि तो मिळाल्यावर मदरबोर्ड हिरवी तार शून्य व्होल्टला आणून मुख्य पुरवठा सुरू करवतो. ही हिरवी तार काळ्या तारेला कायमची जोडून टाकण्याची युक्ती काही जण सुचवतात. तिने पंखा फिरतो हे खरे, परंतु पुरवठा बंद करण्याची मदरबोर्डची सत्ताच संपते, म्हणून ती टाळलेलीच बरी.

सरळ उपाय बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममध्ये, दडलेला असतो. गेलेली वीज परत आल्यावर काय करावे याची एक नोंद तेथे असते. तिचे नाव कंपनीगणिक बदलते, पण पर्याय सहसा तीनच असतात: बंद राहणे, सुरू होणे किंवा पूर्वीच्या स्थितीत जाणे. तिसरा पर्याय समजूतदार वाटतो आणि नेमका तोच फसवतो, कारण पीसी आदल्या रात्री रीतसर बंद करून मग स्विच बंद केला असेल, तर त्याची पूर्वीची स्थिती ‘बंद’ हीच ठरते आणि सकाळी तो इमानाने बंदच राहतो. आर्केड पेटीसाठी दुसरा पर्यायच हवा. तो निवडूनही स्विच बंद करून लगेच चालू केल्यास कधी कधी काहीच घडत नाही. पॉवर सप्लायमधील कपॅसिटरांत साठलेली वीज ओसरण्यापूर्वीच पुरवठा परतल्याने तो खंडित झाल्याचे मदरबोर्डला कळलेले नसते, म्हणून मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा.

जुन्या मदरबोर्डांच्या आणखी दोन खोडी आहेत. कीबोर्ड जोडलेला नसल्यास काही बायोस तेथेच थांबतात आणि पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचेच एक बटण दाबायला सांगतात (या विनोदावर उतारा म्हणजे ‘चूक आढळली तरी थांबू नये’ ही नोंद). दुसरी खोडी नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या बॅटरीची: बायोसच्या निवडी अनेक बोर्डांवर तिच्याच आधाराने टिकतात, आणि भिंतीवरून वीज तोडलेल्या पीसीत सगळा भार तिच्यावर पडत असल्याने ती लवकर संपते. रोज आपोआप सुरू होणारी पेटी एके दिवशी रुसली आणि घड्याळही भलतीच तारीख दाखवू लागले, तर आधी ही बॅटरी बदलावी.

यापुढचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे: पासवर्ड न विचारता आत जाणे आणि खेळांची यादी दाखवणारा प्रोग्राम आपोआप उघडणे, या दोन्ही सोयी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आहेत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर बायोसचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वीज मिळताच तो सुरू होतो.

खरी जोखीम बंद करण्यात आहे. पीसी चालू असताना डिस्कवर काही ना काही लिहिले जात असते, आणि त्या क्षणी वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डांवर तर असे घाव वरचेवर बसतात. मदरबोर्डच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांपासून तारा काढून पेटीच्या मागे एक छोटे पुश बटण बसवले, तर ते दाबताच रीतसर शटडाउन होते आणि त्यानंतर भिंतीवरचा स्विच निर्धास्तपणे बंद करता येतो. घरातल्या इतरांकडून ही शिस्त पाळली जाण्याची आशा नसेल, तर लिनक्समध्ये डिस्क केवळ वाचण्यापुरती खुली ठेवून बदल तात्पुरते मेमरीत साठवण्याची व्यवस्था करता येते. जुन्या रॉमची निर्धास्ती त्यामुळे बरीचशी परत मिळते, मात्र खेळातले उच्चांक रोज पुसले जातात.

जिथे वीज पाच मिनिटांत चारदा ये-जा करते, तिथे आपोआप सुरू होणारा पीसी दर वेळी उठून बसतो आणि अर्ध्यावर कोसळतो. अशा ठिकाणी फ्रिजसाठी मिळणारा, वीज परतल्यावर काही मिनिटे थांबूनच पुरवठा सोडणारा स्टॅबिलायझर पेटीच्या आधी जोडणे सोयीचे पडते. तेवढी मिनिटे रोज सकाळीही काळ्या पडद्यासमोर काढावी लागतात.